कहाणी पुरी कोणी करायची?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. वसतिगृहाच्या आमच्या खोलीत आम्ही तिघेजण एका मोबाईलभोवती डोकी जुळवून बसलो होतो. मोबाईल लातूरच्या मित्राचा, नेटफ्लिक्सची वर्गणी त्याच्या पुण्यातल्या मावसभावाची, आणि खाली उमटणारी इंग्रजी वाक्ये भरभर वाचून अर्थ सांगण्याचे काम माझे. मालिकेचे नाव '१८९९'. त्या साली युरोपातून अमेरिकेला निघालेले एक जहाज, त्यावर नाना देशांचे उतारू. कोणाची भाषा कोणाला कळत नाही. वाटेत चार महिन्यांपूर्वी बेपत्ता झालेले दुसरे जहाज सापडते आणि मग एकातून एक कोडी निघत जातात. आठव्या भागाच्या अखेरीस नायिका जागी होते. तेव्हा कळते की तो समुद्र, ते जहाज, ते साल, सगळाच भास होता. ती आहे २०९९ सालातल्या एका अवकाशयानात!

एवढे दाखवून भाग संपला. आम्ही अधीरतेने पुढचे पर्व शोधू लागलो. पुढचे पर्व नव्हतेच. १७ नोव्हेंबर २०२२ रोजी आलेली ही मालिका पुढे चालणार नाही, असे तिच्या निर्मात्यांनी २ जानेवारी २०२३ रोजीच जाहीर केलेले होते. बेत तीन पर्वांचा, आणि दीड महिन्यात निकाल! लातूरकराने उशी भिंतीवर फेकली. "आठ रात्री फुकट गेल्या," तो म्हणाला.

मला त्याच्या रागाचे हसू आले, आणि नंतर स्वतःचेच नवल वाटले. कारण त्या रात्री मलाही झोप लागली नाही. ज्या माणसांना आपण कधी भेटणार नाही, जी मुळात अस्तित्वातच नाहीत, त्यांचे पुढे काय झाले हे न कळल्याने एवढी तगमग का व्हावी? पुढच्या काही दिवसांत मी या विषयावर मिळेल ते वाचले. या तगमगीने जगभर लाखो माणसांना काय काय करायला लावले आहे हे समजल्यावर मला लातूरकराची उशी फारच किरकोळ वाटू लागली.

आमच्याकडे कहाणी 'सुफळ संपूर्ण' झाल्याशिवाय श्रोत्याने उठायचे नसते. माझे आई-वडील ऊसतोडीला जात. दिवाळीनंतर पाच-सहा महिने मी आजीजवळ असे. आजी रोज रात्री गोष्ट सांगे. दिवसा मात्र कितीही हट्ट केला तरी नाही, कारण दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो! पण रात्री एकदा सुरू केली की ती पुरी करी. एखादे वेळी सांगता सांगता तिचा डोळा लागलाच, तर मी तिला हलवून जागे करी. माझ्या वडिलांनाही असा एक अनुभव आहे. तरुणपणी कारखान्याच्या गावच्या जत्रेत ते तंबूतला सिनेमा पाहायला गेले होते. मध्यंतरानंतर जनरेटर बंद पडला आणि खेळ तिथेच थांबला. उद्या याच तिकिटावर उरलेला सिनेमा दाखवू, असे तंबूवाल्याने सांगितले. पण दुसऱ्या दिवशी यांची टोळी दुसऱ्या गावच्या फडावर गेली. सिनेमाचे नाव ते विसरले आहेत. नायक खोट्या आरोपाखाली तुरुंगात होता एवढे त्यांच्या ध्यानात आहे.

छापील मजकुराच्या बाबतीतही हे काही नवे नाही. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध होत होती, हे आपण मराठीच्या तासाला शिकतो. वाचकाने पुढच्या अंकाची वाट पाहायची, हा क्रमशः लेखनाचा प्राणच होय. डिकन्स १८७० च्या जूनमध्ये वारला तेव्हा त्याच्या 'एडविन ड्रूड' या रहस्यकथेचे बारांपैकी सहाच भाग लिहून झाले होते. आज दीडशे वर्षांनंतरही लोक तिचा शेवट आपापल्या परीने लिहीत असतात. १८९३ च्या डिसेंबरात कॉनन डॉइलने शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकलले, तेव्हा चिडलेल्या वाचकांनी मासिकाची वर्गणी बंद केली, आणि दहा वर्षांनी डॉइलला आपला नायक जिवंत करावा लागला.

पण इथे एक भेद ध्यानात घ्यायला हवा. लेखक वारला तर वाचक हळहळतो, रागावणार कोणावर? लेखकाने स्वतःच शेवट मोकळा ठेवला तर वाद होतो, पण तो लेखकाचा हक्क म्हणून आपण सोडून देतो. मुंबईवर बेतलेल्या 'सेक्रेड गेम्स'चे उदाहरण घ्या. २०१९ च्या दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस बाँब निकामी झाला की नाही हे दाखवलेच नाही, आणि तिसरे पर्व आले नाही. यात मुद्दाम ठेवलेले मोकळेपण आहे की अपुरेपण, यावर आमच्या वसतिगृहात अजून दोन तट आहेत. परंतु लेखक जिवंत आहे, गोष्ट त्याच्या मनात पुरी आहे, ऐकणारे कान टवकारून बसले आहेत, आणि मधल्या मध्ये तिसऱ्याच कोणीतरी हिशेबाची वही मिटवली, असे होते तेव्हाचा राग वेगळा असतो. तो फसवले गेल्याचा राग असतो.

त्या वहीत काय लिहिलेले असते, तेही पाहू. पूर्वीच्या दूरचित्रवाणीवर मालिका जाहिरातींवर चालत. किती घरांत पाहिली जाते यावर जाहिरातीचा दर ठरे. नेटफ्लिक्ससारख्या कंपन्यांचे उत्पन्न मुख्यतः वर्गणीचे. त्यामुळे एखादी मालिका किती नवे वर्गणीदार आणते, किती जुन्यांना टिकवून धरते, सुरू करणाऱ्यांपैकी कितीजण शेवटपर्यंत पाहतात, आणि या सगळ्याच्या मानाने खर्च किती, असा तो ताळेबंद असतो. आता पहिले पर्व न पाहिलेला माणूस तिसऱ्यापासून कशाला सुरुवात करील? म्हणजे पर्वागणिक नवे गिऱ्हाईक घटत जाते, आणि नटांचे व तंत्रज्ञांचे मोल मात्र वाढत जाते. आमच्याकडे लावणीचा ऊस, मग खोडवा, मग निडवा असा क्रम असतो. उतारा परवडेनासा झाला की शेतकरी ऊस मोडून दुसरे पीक घेतो. कंपनीही तेच करते. फरक इतकाच की उसाला आपले पुढे काय होणार याची उत्कंठा नसते!

शिवाय हे आकडे प्रेक्षकाला फारसे कळतही नसत. कोणती मालिका किती तास पाहिली गेली याचा सविस्तर अहवाल नेटफ्लिक्स प्रसिद्ध करू लागली ती २०२३ च्या डिसेंबरपासून. तोवर आपली आवडती मालिका मरणपंथाला लागली आहे की नाही, हे चाहत्याला थेट निधनवार्ताच वाचून समजायचे.

या बाबतीत 'सेन्स एट' या मालिकेचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. 'मॅट्रिक्स' चित्रपटामुळे गाजलेल्या वाचोव्स्की भगिनी आणि जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनी ती निर्माण केली. जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतली आठ तरुण माणसे. एकमेकांना कधी न पाहिलेली. एके दिवशी त्यांची मने जोडली जातात. नैरोबीत मिनीबस चालवणाऱ्याला गुंड घेरतात तेव्हा सोलमधली मुष्टियोद्धा मुलगी त्याच्या हातांनी लढते. एकाचे दुःख आठांना होते. या आठांपैकी एक आहे मुंबईची कला दांडेकर! ती औषधशास्त्र शिकलेली आहे, गणपतीची निस्सीम भक्त आहे, आणि घरच्यांच्या आनंदाखातर राजन रसाळशी लग्न करते आहे. मन मात्र बर्लिनच्या तिजोऱ्या फोडणाऱ्या वुल्फगांगकडे ओढ घेते. कलाची भूमिका टीना देसाईने केली आहे, वडिलांची अनुपम खेर यांनी. दांडेकरांच्या घरात सगळे अस्खलित इंग्रजी बोलतात, याचे आम्हांला प्रथम हसू आले. पण नैरोबीचे आणि सोलचेही तसेच बोलतात म्हटल्यावर आम्ही तक्रार मागे घेतली. मालिकेत अशी पुष्कळ दृश्ये आहेत की जी वडीलधाऱ्यांसमवेत पाहता येणार नाहीत, हेही इथेच सांगून टाकलेले बरे.

पहिले पर्व जून २०१५ मध्ये आले, दुसरे ५ मे २०१७ रोजी. चित्रीकरण देखाव्यांसमोर न करता खऱ्या शहरांत जाऊन केलेले. त्यामुळे खर्च अफाट. दुसऱ्या पर्वाच्या एकेका भागाला सुमारे ९० लाख डॉलर लागत, असे त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते. पाच पर्वांचा आराखडा होता. दुसरे पर्व संपते तेव्हा वुल्फगांग शत्रूच्या हाती सापडलेला आहे, त्याचे हाल चालले आहेत, आणि बाकीचे सातजण प्रथमच देहाने एकत्र येऊन त्याला सोडवायला निघाले आहेत. ३१ मे २०१७ रोजी नेटफ्लिक्सचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज एका मुलाखतीत म्हणाले की, आमच्या यशस्वी मालिकांचे प्रमाण जरा जास्तच आहे. आम्ही अधिक धोका पत्करला पाहिजे आणि अधिक मालिका बंद केल्या पाहिजेत. दुसऱ्याच दिवशी, १ जूनला, 'सेन्स एट' बंद झाल्याची घोषणा झाली. २३ भाग, १६ शहरे, १३ देश असा गौरवपर हिशेब तीत होता. वुल्फगांगचे काय, हे नव्हते.

त्यानंतर जे झाले ते वाचताना मला आमच्या गावचे रास्ता रोको आठवले. विनंतीपत्रावर पाच लाखांहून अधिक सह्या झाल्या. कंपनीला पत्रे गेली, फोन गेले, ठरलेल्या वेळी सगळ्या देशांतून एकाच मजकुराचे संदेश पाठवले गेले. कंपनीने आठवड्याभराने उत्तर दिले: तुमचे म्हणणे पोचले, आम्ही खूप विचार केला, पण जमत नाही. तरीही चाहते हटले नाहीत.

इतकी जिद्द कशापायी, असा प्रश्न वाचकांना पडेल. मला वाटते त्याचे उत्तर मालिकेच्या आशयातच आहे. आठांपैकी नोमी ही पारलिंगी स्त्री आहे आणि तिची भूमिका करणारी अभिनेत्रीही तशीच आहे. मालिकेच्या निर्मात्या भगिनीही. मेक्सिकोचा नट लितो आपले पुरुषावर प्रेम आहे हे जगापासून लपवत जगतो. दुसऱ्या पर्वात तो ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या मिरवणुकीत अफाट जनसमुदायासमोर ते उघड सांगतो. ते दृश्य २०१६ च्या खऱ्याखुऱ्या मिरवणुकीत चित्रित केले होते. म्हणजे पडद्यावर दिसणारी ती गर्दी भाड्याची नव्हती. तीत उद्याचे प्रेक्षकच उभे होते. ज्यांना घरात आणि गावात बोलायची सोय नाही, अशा असंख्य माणसांना वाटले की कुठेतरी दूर आपल्याशी मन जोडलेले सातजण आहेत. अशा माणसाला तुम्ही सांगता की वर्गणीचे गणित जमत नाही, तर ते त्याला कसे पटावे? गावात पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलालाही हे एकाकीपण थोडे कळते. माझे दुःख लितोसारखे नाही. पण सुट्टीत घरी गेल्यावर जे वाचले ते कोणाशी बोलावे असा प्रश्न पडतो, तेव्हा नैरोबीत किंवा सोलमध्ये कोणीतरी असते तर बरे झाले असते, असे मलाही वाटून गेले आहे.

२९ जून २०१७ रोजी लाना वाचोव्स्की यांचे चाहत्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध झाले. मालिका बंद झाल्यानंतर आपण खोल निराशेत गेलो होतो असे त्यांनी प्रांजळपणे लिहिले, आणि तुमच्यामुळेच एक दीर्घ समारोपाचा भाग होणार आहे, असे कळवले. ८ जून २०१८ रोजी अडीच तासांचा तो भाग आला. तो चाहत्यांना अर्पण केलेला आहे.

तो भाग कसा आहे? प्रामाणिकपणे सांगायचे तर घाईचा आहे. तीन पर्वांचे धान्य एका पोत्यात भरल्यासारखे झाले आहे. खलनायकांचे रहस्य दोन-चार संवादांत उरकले जाते आणि काही धागे तर नुसते गाठ मारून ठेवले आहेत. पण नोमीचे लग्न आयफेल मनोऱ्यावर लागते आणि सगळ्या शहरांतली सगळी माणसे त्या एका ठिकाणी जमतात, तेव्हा ही उणीव मनात राहत नाही. आमच्याकडेही लग्नात वाढणे जरा घाईचे झाले म्हणून कोणी पाने सोडून उठत नाही. कला, राजन आणि वुल्फगांग यांचा तिढा ज्या रीतीने सोडवला आहे त्यावर मात्र आमच्या खोलीत रात्री दोनपर्यंत कडाक्याचे भांडण झाले. असो.

चाहत्यांच्या रेट्याने पुन्हा उभे राहण्याची उदाहरणे अमेरिकेत आधीही घडली आहेत. १९६८ मध्ये 'स्टार ट्रेक'ला पत्रांच्या वर्षावानंतर तिसरे पर्व मिळाले. २००७ मध्ये 'जेरिको' बंद झाली तेव्हा तिच्या नायकाच्या तोंडच्या एका शब्दाचा आधार घेऊन चाहत्यांनी वाहिनीच्या कचेरीत तब्बल २० टन दाणे पाठवले. वाहिनीने निमूटपणे आणखी सात भाग दिले! पण दरवेळी असे होत नाही. 'द ओए' ही मालिका ऑगस्ट २०१९ मध्ये दुसऱ्या पर्वानंतर बंद झाली. तिचाही बेत पाच पर्वांचा होता. एका चाहतीने हॉलिवूडमधल्या नेटफ्लिक्सच्या इमारतीसमोर उपोषण मांडले. मालिकेची लेखिका आणि नायिका ब्रिट मार्लिंग स्वतः तिला भेटून आली. इतरांनी वर्गणी काढून न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये फलक लावला. काही उपयोग झाला नाही.

त्यातही एक गोष्ट मला चटका लावून गेली. या मालिकेच्या दुसऱ्या पर्वाच्या शेवटी पात्रे अशा एका जगात पोचतात की जिथे नायिका ही ब्रिट नावाची नटी आहे आणि भोवती चित्रीकरण चालू आहे. म्हणजे गोष्ट आपल्या जगात येऊन पोचते. त्यामुळे अनेक चाहत्यांनी ठामपणे असे मानले की मालिका बंद झालीच नाही. बंद झाल्याची ती बातमी हाच पुढच्या पर्वाचा पहिला भाग आहे! ते बातम्यांतून खुणा शोधू लागले, तारखा जुळवू लागले. बाहेरच्या माणसाला हे वेडेपण वाटेल. मला मात्र शेजारच्या वाड्यातल्या म्हातारीची आठवण झाली. तिचा मुलगा कामासाठी म्हणून गेला तो परतला नाही, आणि गावात कोणीही नवखा माणूस आला की ती दारात येऊन उभी राहते. ज्याचा शेवट सांगितला गेलेला नाही ते संपले असे मनाला पटवायचे तरी कसे?

आमच्या खोलीतला तिसरा भिडू वाणिज्य शाखेचा आहे. त्याचे म्हणणे असे की कंपनी म्हणजे काही धर्मादाय संस्था नव्हे. तोट्यातला माल कोण विकत राहील? मुद्दा खोटा नाही. पण त्याच्याच शास्त्राने पाहिले तरी यात एक गफलत आहे. वारंवार हात पोळल्यामुळे आता पुष्कळ प्रेक्षक म्हणतात, आधी मालिका पुरी होऊ द्या, मग पाहू. लातूरकराने तर तशी शपथच घेतली आहे. आता सुरुवातीच्या आठवड्यांत कोणी पाहिलेच नाही तर वहीत आकडा कमी दिसणार, आकडा कमी म्हणून मालिका बंद होणार, आणि बंद झाली म्हणून आणखी दहाजण शपथ घेणार. विहिरीला पाणी नाही म्हणून मोट बंद, आणि मोट बंद म्हणून झरे बुजलेले, तसे हे चक्र आहे. मला वाटते, पहिले पर्व बनवतानाच एका समारोपाच्या भागाचा खर्च बाजूला काढून ठेवावा. पुढे मालिका चालली तर उत्तम. न चालली तर तेवढा भाग करून निरोप घ्यावा. पाच पर्वे मागणारे चाहते थोडे. बहुतेकांना फक्त कळायचे असते. वाणिज्यवाल्याने यावर "बघू" म्हटले आहे.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो होतो. टोळी निघायच्या आदल्या रात्री अंगणात बसून मी वडिलांना 'सेन्स एट'ची गोष्ट सांगितली. अर्थात सांगण्याजोगी तेवढीच. मुंबईची दांडेकरांची मुलगी त्यांना पसंत पडली. वुल्फगांग पकडला गेला इथपर्यंत आलो आणि मुकादमाचा निरोप आला की ट्रॅक्टर पहाटेऐवजी आताच येतो आहे. मग बोचकी बांधण्यात, कोयते मोजण्यात आणि म्हशीची व्यवस्था लावण्यात गोष्ट तिथेच राहिली.

बारा-तेरा दिवसांनी त्यांचा फडावरून फोन आला. माझी फी, आजीचे गुडघे, सगळे विचारून झाले.

"अन् त्या जर्मन पोराचं काय झालं रं?" त्यांनी विचारले. "सुटला का न्हाई?"

"सुटला, आण्णा. बाकीच्यांनी मिळून सोडवला."

"मंग बरं झालं," ते म्हणाले, आणि गाडी भरायची होती म्हणून त्यांनी फोन ठेवला.